मंडळीचा ‘दूत’ म्हणजे नक्की कोण?

वसईचा पोरगा
काल रोझरी झाल्यावर घरी प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचा, दुसरा अध्याय वाचत होतो. तिथून पुढे सात मंडळ्यांच्या, म्हणजे सात गावांतल्या ख्रिस्ती समाजांच्या, दूतांना एकेक पत्र आहे. इफिसच्या मंडळीच्या दूताला लिही, या ओळीवर आलो आणि सुपारी कातरता कातरता आजी म्हणाली, “देवदूताला पत्र? टपालानं?” मग तासभर वाद.
मी आजीच्या बाजूचा. हा दूत माणूसच, तिथला धर्मगुरू. ग्रीक ‘अंगेलोस’ म्हणजे मुळात नुसता निरोप्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने येशूकडे जी माणसं धाडली, त्यांनाही हाच शब्द आहे, आणि त्यांना काही पंख नव्हते. शिवाय या इफिसच्या दूताला पुढे चांगलं सुनावलंय, तुझं पहिलं प्रेम राहिलं नाही म्हणून. स्वर्गातल्याला असं कोण झापतं?

नायगावची
मूळ अर्थच धरून बसायचं तर ऑफिसातल्या शिपायाच्या हाती तलवार द्या! अर्थ त्या पुस्तकातून काढा. प्रकटीकरणात हा शब्द साठाहून जास्त वेळा येतो. कर्णे वाजवणारे सात, वाट्या ओतणारे सात, सगळे स्वर्गातले. मग मंडळ्यांचे हेच सात दूत तेवढे फादर कसे? पहिल्या अध्यायाच्या शेवटी तर सात तारे म्हणजेच हे सात दूत, असं सरळ लिहिलंय.

वसईचा पोरगा
तारे माणसांनाही म्हणतात की. जुन्या करारातल्या दानीएलच्या बाराव्या अध्यायात शहाणी माणसं ताऱ्यांसारखी चमकतात. आणि दूताला हिब्रूत जो शब्द आहे, तो ‘मलाख’ही तसाच दुहेरी, माणूस किंवा देवदूत. हाग्गय हाडामांसाचा संदेष्टा, तरी त्याला परमेश्वराचा मलाख म्हटलंय.

मालवणकार
आमका दूत म्हटल्यार पयलो यमदूत आठवता, मगे मारुती. रावणाच्या दरबारात बिभीषण म्हणालो, दूताक मारूचा नाय. माकड काय देव, ता थय कोणी इचारल्यान नाय. चलू दे तुमचा.

नायगावची
@मालवणकार 😀 शेपटी मात्र पेटवलीच!
हाग्गय मान्य. पण तो नावानिशी आहे, हे सातही बिननावाचे. आणि फादरलाच लिहायचं होतं तर लेखकाकडे ‘वडील’, म्हणजे ज्येष्ठ, हा शब्द होता ना. मंडळीच्या पुढाऱ्यांना तोच वापरत. प्रकटीकरणाच्याच चौथ्या अध्यायात चोवीस वडील बसलेलेच आहेत.

वसईचा पोरगा
हे अवघड आहे खरं. आजीला वाचून दाखवलं. म्हणते, “ते चोवीस बसलेत कुठे? स्वर्गातच ना? मग ते तरी माणसं कशावरून?”