सकाळच्या 15 मिनिटांत प्रार्थना आणि वचन कसे बसवावे?

दवबिंदू
सलाम. सकाळी हाताशी जेमतेम 15 मिनिटे असतात. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वाचण्याचा तक्ता दरवेळी लेवीया या तिसऱ्या पुस्तकापाशी अडतो. प्रार्थनेची तर नुसती मागण्यांची यादी होते. एवढ्या वेळात काय आणि किती वाचावे? आधी प्रार्थना की आधी वाचन?

जुनी पायवाट
लेवीयापाशी बहुतेक जण अडतात. शास्त्राचे 1189 अध्याय वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन-चार येतात. रोज तीन धरले तर पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय 30 दिवसांत होतात आणि फेब्रुवारीच्या तोंडाशी लेवीयातले होमार्पणाचे नियम सुरू होतात. कथा थांबते, गोडी कमी होते. त्यात दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी नऊ अध्याय समोर! मग मनन कसले, नुसती पाने उलटणे.

15 मिनिटांसाठी तो तक्ता नाहीच. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग घ्या. त्याचे 260 अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक वाचला तर बरोबर 52 आठवडे. शनिवार-रविवार चुकलेल्यासाठी मोकळे. तेव्हाही भरून निघाले नाही तर सोडून द्या, पुढच्या अध्यायावर या. सुरुवात मार्कापासून करा: 16 अध्याय, चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत) सर्वांत लहान. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मात्र 80 वचनांचा (क्रमांक दिलेल्या वाक्यांचा) आहे, तो दोन दिवसांत घ्या.

जैतूनफांदी
क्रमाबद्दल: आधी एका वाक्याची प्रार्थना, मग वाचन, मग खरी प्रार्थना. वाचनाआधीच लांब प्रार्थना केली की दिवसभराच्या काळज्याच बोलू लागतात, आणि अध्याय उरलेल्या दोन मिनिटांत उरकला जातो.

वाचनाला सात-आठ मिनिटे द्या. हलक्या आवाजात वाचा. डोळ्यांनी वाचताना ओळी निसटतात, ओठ हलले की वेग आपोआप कमी होतो. मग त्यातली तीन-चार वचने पुन्हा वाचा आणि त्यांतूनच प्रार्थना करा. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचे 4:6-7 (अध्याय 4, वचने 6-7) घ्या. काळजी कशाची आहे ती नाव घेऊन सांगा, मागणी करा, आभार माना, शांती मागा. प्रार्थनेचा साचा त्या दोन वचनांतच तयार आहे.

मागण्यांच्या यादीवर उपाय प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आहे (मत्तय 6:9-13). पहिल्या तीन विनंत्या देवाचे नाव, राज्य आणि इच्छा यांच्याविषयी आहेत. रोजची भाकर चौथी. प्रत्येक विनंतीपाशी थांबून आपले एकेक वाक्य जोडा. इतरांसाठीची नावे वारांवर वाटून टाका: सोमवारी घरचे, मंगळवारी आजारी, बुधवारी मंडळी, असे. रोज सगळी नावे घ्यायला गेलात तर आठवड्याभरात ती पाठांतरासारखी म्हटली जातात.

कागदी प्रत
वरचे पटते, पण स्तोत्रसंहितेशिवाय (बायबलमधल्या 150 स्तोत्रांच्या पुस्तकाशिवाय) सकाळ मला अपुरी वाटते. त्यासाठी तारखेची जुनी युक्ती आहे: आजची तारीख घ्या आणि 30-30 मिळवत जा. 12 तारखेला 12, 42, 72, 102, 132. या पाचांतले एकच निवडा. 29 तारखेला 119 वे येते. त्याची 176 वचने सकाळी झेपणार नाहीत. आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, ते स्वतंत्रपणे रोज एक घ्या. ज्यांना स्तोत्रे जड जातात त्यांना नीतिसूत्रे हे पुस्तक: 31 अध्याय, तारखेप्रमाणे एक.

आणि मोबाइलवर वाचू नका. ॲप वाईट नाही, पण वाचायला उघडलेल्या पडद्यावर आधी निरोपच दिसतात. छापील प्रत रात्रीच खूण घालून, उघडायच्या पानासकट ठेवा. ‘आज काय वाचू?’ हे सकाळी ठरवायला बसलात तर निम्मा वेळ त्यातच जातो.

दवबिंदू
आभारी आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळ कोणती धरायची?

जैतूनफांदी
झोपून उठल्यानंतरची. पाळीवरून आल्या आल्या वाचलेले टिकत नाही, डोळे मिटत असतात. बायबलमधला संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करी (दानीएल 6:10), तेव्हा पहाटेचाच आग्रह नको. झोपण्यापूर्वी फक्त स्तोत्र 4 वाचा. आठच वचने आहेत, आणि शेवटचे निवांत झोपी जाण्याविषयीच आहे.