पुरात बुडालेली घरची सुतारशाळा: भिंत आधी की यंत्रे आधी?

प्रश्न (चिपळूण, सप्टेंबर २०२१)

नमस्कार. २२ जुलैच्या पुरात आमच्या तळमजल्यावरील खोलीत साडेसहा फूट पाणी शिरले आणि ते दीड दिवस उतरले नाही. २६ जुलै २००५च्या पुराची खूण भिंतीवर जपून ठेवलेली होती आणि तिच्या वर हातभर उंचीला फळ्या ठोकल्या की काळजी नाही, असा माझा सोळा वर्षांचा हिशोब होता. तो या वेळी चुकला. खोलीत माझी छोटी सुतारशाळा आहे. त्यात एक अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरीवर चालणारी लाकडाची लेथ, गोल करवत, बाकावरचे ड्रिल, रंधे, पटाश्या आणि हौसेने जमवलेल्या सागाच्या व फणसाच्या फळ्या आहेत. गाळ काढून खोली जुलैअखेरीसच धुतली आणि मोटरींना अद्याप वीज दिलेली नाही.

भिंती चिऱ्याच्या असून आतून सिमेंटचा गिलावा आणि चार फुटांपर्यंत ऑइल पेंट आहे. आता त्या पेंटला पोपडे आले आहेत आणि त्यांच्या कडेने पांढरी पूड दिसते. रंगारी म्हणतो की ओल रोखणारा लेप देऊन दिवाळीपूर्वी सगळे नवे करून देतो. त्याचे ऐकावे का, आणि कामाचा क्रम काय ठेवावा?

प्रतिसाद १ (बांधकामावरील निवृत्त पर्यवेक्षक, रत्नागिरी)

रंगाऱ्याला तूर्त थांबवावे. तुमचा चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा हा सच्छिद्र दगड आहे. दीड दिवसात त्याने जे पाणी पोटात घेतले ते बाहेर पडायला कित्येक महिने लागतात, आणि आपल्याकडे त्यानंतरही दोन महिने पाऊस चालू राहिला. आम्ही कामावर ढोबळमानाने भिंतीच्या एका इंच जाडीला एक महिना धरत असू. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर त्याहून कमी. तुमच्या भिंतीची आतली बाजू ऑइल पेंटने बंद झालेली आहे आणि पोपडे येण्याचे कारणही तेच आहे, म्हणजे आतले पाणी वाट शोधत आहे. त्यावर आणखी एक लेप चढवला तर तो लेपही वर्षभरात सुटेल किंवा ओल वर सरकून पेंट नसलेल्या भागात उमटेल.

पांढरी पूड म्हणजे लोणा. पाण्यात विरघळलेले क्षार भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन सुकले की तो दिसू लागतो. तो पाण्याने धुऊ नये, कारण क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून खोलीबाहेर टाकावा. ऑइल पेंट संपूर्ण खरवडून काढावा. गिलाव्यावर लाकडी ठोकळ्याने वाजवून पाहावे आणि जेथे बद्द आवाज येईल तेथपर्यंतचा गिलावा चिऱ्यापर्यंत उतरवावा. जेथे आवाज खणखणीत आहे तेथे उगाच हात लावू नये.

खिडक्यांबाबत लोक हमखास चुकतात. पावसाच्या दिवशी खिडक्या उघडून पंखा लावला तर बाहेरचीच दमट हवा आत येते. ऊन असेल त्या दिवशी सकाळी दहा ते चार समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, एरवी त्या बंद ठेवाव्यात. भिंत सुकली की नाही हे हाताला कळत नाही. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. आतून थेंब दिसले तर रंगाचा विचारही करू नये. माझ्या अंदाजाने तुमचे रंगकाम एप्रिलमध्ये निघेल, आणि तेव्हाही आतून ऑइल पेंट न देता चुना किंवा भिंतीची वाफ बाहेर जाऊ देणारा रंग द्यावा.

प्रतिसाद २ (मोटर वाइंडिंगचा व्यवसाय, इचलकरंजी)

भिंतीची वाट पाहत मोटरी तशाच ठेवू नका. २०१९च्या पुरानंतर आमच्याकडे पंचगंगेच्या पाण्यातून निघालेल्या मोटरींची रांग लागली होती. त्यांपैकी बहुतेक पाण्याने बिघडलेल्या नव्हत्या, तर "सुकली असेल" म्हणून घाईने बटण दाबल्यामुळे जळालेल्या होत्या.

दोन्ही बाजूंची झाकणे काढून रोटर (मोटरीचा फिरणारा भाग) बाहेर घ्यावा. वाइंडिंगमध्ये (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत) सुकलेला गाळ असेल तर तो खरवडू नये. स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेने धुवावा. पुराच्या पाण्यातून निघालेल्या मोटरीला पुन्हा पाणी दाखवायला गिऱ्हाईक घाबरते, पण गाळ ओल धरून ठेवतो, त्यामुळे तो राहू देणे अधिक वाईट. त्यानंतर स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) लाकडी खोक्यात ठेवून शेजारी शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा दोन-तीन दिवस लावून ठेवावा आणि वाफ जाण्यासाठी खोक्याला वर भोक ठेवावे. दिवा वाइंडिंगला टेकू देऊ नये. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंग आणि बॉडी यांमधील रोध मोजून घ्यावा. तो एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर आणखी सुकवावे. वर आला तर वॉर्निशचा हात देऊन पुन्हा सुकवावे. बेअरिंग आणि कपॅसिटर मात्र तपासत बसू नका, नवेच घाला. बेअरिंगच्या ग्रीसमध्ये गेलेली बारीक माती कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही.

पाण्यात बुडालेले स्विच, सॉकेट आणि एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारे स्विच) सुकवून वापरू नयेत. भिंतीतल्या पाइपांमध्येही गाळ असणार, म्हणून तारा ओढून नव्या घालाव्यात आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. प्लास्टर उतरवायचेच आहे तर हे काम त्याच वेळी उरकावे.

प्रतिसाद ३ (सुतार, सावंतवाडी)

वरील दोघांनी हत्यारांचा आणि लाकडाचा विषय राहू दिला आहे, म्हणून लिहितो. पटाश्या आणि रंध्याची पाती मुठीतून सोडवून घ्यावीत. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूफूल विरघळवून त्यात ती रात्रभर ठेवावीत. सकाळी ब्रशने घासून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावीत आणि लगेच कोरडी करून तेल लावावे. दोन-तीन दिवस तशीच विसरलात तर आम्ल चांगले पोलादही खाते. लेथच्या बेडवर (खालच्या लांब लोखंडी पाटावर) मात्र हा प्रयोग करू नये. तेथे रॉकेल आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला बारीक पॉलिश पेपर पुरतो, आणि हात फक्त लांबीच्या दिशेने चालवावा.

फळ्या उन्हात ठेवल्या असतील तर आजच आत घ्याव्यात. भिजलेली फळी उन्हात बाहेरून लवकर आणि आतून उशिरा सुकते, त्यामुळे टोकांना चिरा पडतात आणि ती पिळवटते. सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, प्रत्येक थरामध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवून थप्पी लावावी आणि वर वजन द्यावे. साग सावरेल, फणसाची थोडी वाकेल, पण रंध्याने सरळ होईल. एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) दर्जाचे प्लायवुड पदर सोडू लागले असेल तर ते शेगडीलाही देऊ नका, त्यात डिंकाचे रसायन असते. पुढच्या वेळी खालच्या कप्प्यांना आयएस ७१० मानकाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवुड घ्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. रविवारी उत्तरेकडच्या भिंतीचा ऑइल पेंट खरवडला आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे प्लास्टिक चिकटवले. आज सकाळी पाहिले तर आतून बोट ओढता येईल इतके पाणी होते. रंगाऱ्याला आगाऊ दिलेल्या हजार रुपयांचा हिशोब एप्रिलवर टाकला आहे, तो थोडा नाराज झाला. मोटरी उद्या सोडवतो. मात्र करवतीच्या मोटरीचे मागचे झाकण गंजून बसले आहे, ते न फुटता कसे काढावे हे वाइंडिंगवाल्या दादांनी सांगावे.

प्रतिसाद २ (पुन्हा)

स्क्रू आणि सांधा दोन्हींवर रॉकेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी झाकणाच्या कडेला लाकडी ठोकळा धरून चारही बाजूंनी फिरत फिरत हलके ठोके द्या. झाकण ओतीव असते, त्यामुळे एकाच जागी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. काढण्यापूर्वी झाकण आणि बॉडी यांवर छिन्नीची एक खूण करून ठेवा, म्हणजे बसवताना ते फिरून बसणार नाही.