अनुभव धागा : महाविद्यालयातील स्त्रिया आणि नेतृत्वाची तयारी

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठात काम करणाऱ्या प्राध्यापिका, विभागप्रमुख आणि प्राचार्या यांना या धाग्यासाठी एकच प्रश्न विचारला होता : जबाबदारीचे पद तुमच्याकडे आले तेव्हा त्याची तयारी तुम्हांला कोठून मिळाली, आणि कोणती तयारी मिळायला हवी होती? शिकवणाऱ्यांमध्ये स्त्रिया आता थोड्या राहिलेल्या नाहीत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील अध्यापकांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रिया आहेत. आपल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे आणि डॉ. मृणालिनी फडणवीस यांनी २०१८ मध्ये तेथे कुलगुरुपदाची सूत्रे घेतली होती. तरीही स्टाफरूममध्ये जे चित्र दिसते ते प्राचार्यांच्या बैठकीत दिसत नाही, आणि हे अंतर केवळ ८ मार्चच्या व्याख्यानाने व शाल-श्रीफळाने कमी होईल असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

निवृत्त प्राचार्या, अनुदानित महाविद्यालय, सोलापूर शहर

मी नोकरीला लागले तेव्हा आमची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न होती. अभ्यास मंडळाची बैठक म्हणजे पहाटेची एसटी, बैठक लांबली तर कोल्हापुरात मुक्काम, आणि घरात लहान मूल असेल तर त्याची सगळी सोय आधी लावून निघणे. नाव सुचवायची वेळ आली की वरिष्ठ म्हणत, "मॅडमना कशाला उगीच दगदग?" ते मनापासून काळजीने म्हणत, म्हणूनच त्याला विरोध करणे अवघड जाई, पण त्या काळजीपोटी अभ्यासक्रम कसा ठरतो, परीक्षेच्या कामाची वाटणी कोण करते, एखादा विषय चर्चेला आणायचा तर तो कार्यसूचीवर किती आधी द्यावा लागतो, हे आमच्यापैकी कित्येकींना आतून कधी पाहायलाच मिळाले नाही. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि बैठका शहरालगतच्या केगावला होऊ लागल्या. सकाळचे तास घेऊन बैठकीला जाता येऊ लागले आणि संध्याकाळी घरी परतता येऊ लागले. धोरणांच्या मोठ्या चर्चेत ही गोष्ट कोणी फारशी बोलत नाही, पण माझ्या पिढीतील स्त्रियांसाठी अंतर कमी होणे हीच पहिली संधी होती.

खरी तयारी मात्र कार्यालयात झाली. उपप्राचार्य झाल्यावर मी आमच्या कार्यालयीन अधीक्षकांना विनंती केली की शनिवारी तास संपल्यावर एक एक फाइल मला समजावून सांगावी. त्यांनी बिंदुनामावलीचे, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे याच्या क्रमवार नोंदीचे, रजिस्टर टेबलावर उघडले आणि कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गासाठी आहे, सेवानिवृत्तीने रिक्त झालेली जागा कोणत्या बिंदूवर मोजायची, मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घेतल्याशिवाय जाहिरात का देता येत नाही, हे पेन्सिलने खुणा करत दाखवले. त्यानंतर सेवापुस्तके, वेतन देयके, वेतनेतर अनुदानाचा हिशेब आणि लेखापरीक्षणातील आक्षेप असे एकेक करून पाहिले. पुढे प्राचार्य म्हणून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात गेले तेव्हा समोरचा अधिकारी काय विचारणार आहे हे मला ठाऊक होते. स्त्री अधिकारपदावर आली की "त्यांना हिशेबातले कळत नाही, लिपिकच चालवतो" असे लगेच म्हटले जाते, आणि ते म्हणण्याला जागाच उरू नये यासाठी फाइल स्वतः वाचता येण्यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. आत्मविश्वासावरची व्याख्याने मी बरीच ऐकली. मला आत्मविश्वास त्या रजिस्टरने दिला.

आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक, तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय

नॅक म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या सात निकषांच्या मूल्यांकनात सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन हा होता. आमच्याकडे सातही निकषांचे काम पाहणाऱ्यांत बहुसंख्य प्राध्यापिका होत्या. पुरावे गोळा करणे, जिओटॅग केलेली छायाचित्रे लावणे, विभागांकडून माहितीचे तक्ते मागून मागून मिळवणे, रात्री घरी बसून स्वयंमूल्यमापन अहवालाची भाषा सुधारणे, हे सगळे आम्ही केले. समिती भेटीला येणार असे ठरल्यावर सादरीकरण कोण करणार याची यादी लागली आणि तीत आमच्यापैकी एकीचेही नाव नव्हते. आमच्याकडे स्वागत, रांगोळी आणि भोजनव्यवस्था होती.

मी प्राचार्यांना जाऊन भेटले. तक्रारीचा सूर न लावता एवढेच म्हटले की समितीने निकषावर उपप्रश्न विचारला तर उत्तर ज्यांनी माहिती जमवली त्यांनाच देता येईल, त्यामुळे प्रत्येक निकषाचे सादरीकरण त्या त्या निकषप्रमुखाने करावे. त्यांना ते पटले. सहाव्या निकषाचे सादरीकरण मी केले, प्रश्नांना उत्तरे दिली, आणि त्यानंतर महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत माझ्याकडे पाहण्याची पद्धत बदलली. माझे ठाम मत आहे की आमच्या महाविद्यालयांत नेतृत्वाचे काम स्त्रिया करतच आहेत. त्या कामाला पद, सही आणि सभेत बोलण्याची वेळ जोडलेली नाही. प्रशिक्षण द्यायचे असेल तर ते एखाद्या प्रत्यक्ष पदभाराला जोडून द्यावे.

तासिका तत्त्वावरील अधिव्याख्याता, सोलापूर शहर

वरचे दोन्ही अनुभव वाचताना आदर वाटला, पण एक बाजू मांडणे आवश्यक आहे. माझी आई विडी कामगार. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीतून झाले. मी सेट उत्तीर्ण आहे आणि बरीच वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते आहे. माझ्यासारखीचे नाव कोणत्याही प्रशिक्षणासाठी पाठवले जात नाही, कारण प्रशिक्षणाचा संबंध कॅसच्या, म्हणजे कायम शिक्षकांसाठीच्या पदोन्नती योजनेच्या, पदोन्नतीशी आणि पदोन्नतीचा संबंध कायम नोकरीशी आहे. दर सत्राला नव्याने नेमणूक होणाऱ्या व्यक्तीने सभेत वेगळे मत मांडावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

तरीही जे शिकले ते सांगते. प्रवेशाच्या दिवसांत शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया खिडकीसमोर गोंधळून उभ्या राहत. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला, सगळे मराठीत आणि घाईत सांगितले जाई. मी एक टेबल मागून घेतले आणि तेलुगूत समजावू लागले. कन्नड बोलणारी एक सहकारी शेजारी बसली. पुढच्या वर्षी प्राचार्यांनी आम्हां दोघींना प्रवेश समितीत रीतसर घेतले. समितीत आल्यावर कळले की किती अर्ज केवळ एका कागदावाचून अडतात, आणि तो कागद कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारायचा हे ठरवण्याचा अधिकार समितीला असतो. मुदत वाढवून घेण्याचा ठराव मीच मांडला. नेतृत्व विकासाच्या योजना आखणाऱ्यांनी कायम आणि तासिका असा भेद न करता निदान समित्यांची दारे उघडी ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार या समितीचे अध्यक्षपद वरिष्ठ पदावरील स्त्रीकडेच असावे लागते आणि निम्मे तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. अनेक महाविद्यालयांत हे पद नावापुरते दिले जाते, फलकावर नाव लागते आणि विषय संपतो. माझ्याकडे प्रत्यक्ष तक्रार आली तेव्हा मी कायदा ओळीओळीने वाचला. साक्षीदाराला बोलावण्याच्या आणि कागदपत्रे मागवण्याच्या बाबतीत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची आहे, अहवाल त्यानंतर १० दिवसांत द्यायचा आहे, हे मला तेव्हा नीट कळले.

प्रकरणाविषयी काहीही लिहिणार नाही. गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक आहे. मी काय शिकले ते मात्र लिहिते. दोन्ही बाजू तितक्याच शांतपणे ऐकून घेणे, फोनवरून येणाऱ्या सूचनांना "लेखी द्या" असे उत्तर देणे, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घेणे, आणि शेवटी निष्कर्ष अशा भाषेत लिहिणे की त्यातील एकही शब्द ऐकीव गोष्टीवर उभा नसेल. ज्यांना उद्या प्राचार्य व्हायचे आहे त्यांनी हे काम टाळू नये. ते जड आहे, मनावर ताण येतो, स्टाफरूममध्ये काही जण बोलेनासे होतात. पण न आवडणारा निर्णय घेऊन त्याखाली स्वतःची सही करणे म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कोणत्याही कामाने शिकवले नाही.

विभागप्रमुख, अभियांत्रिकी महाविद्यालय

थोडक्यात लिहिते. आमच्याकडे विभागप्रमुखांची बैठक संध्याकाळी साडेपाचला असे आणि सातपर्यंत चाले. मी ती सकाळी अकराला घेण्याची मागणी केली. सुरुवातीला नाराजी झाली, नंतर बैठका लवकर संपू लागल्या आणि दोन प्राध्यापिकांनी पूर्वी नाकारलेली पदे स्वीकारली. वेळापत्रक बदलायला कोणताही निधी लागत नाही.

अधिसभेची निवडणूक लढवलेल्या प्राध्यापिका, जिल्ह्यातील महाविद्यालय

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये अधिसभेच्या (विद्यापीठाच्या सिनेटच्या) शिक्षक गटात स्त्रियांसाठी राखीव जागा आहे, म्हणून मला उभे राहण्याचा आग्रह झाला. मतदारयादी हातात घेऊन पंढरपूर, करमाळा, अक्कलकोट, सांगोला अशा गावी महाविद्यालयांत गेले. तोपर्यंत मी माझ्या विषयाच्या शिक्षकांनाच ओळखत होते. कोठे ग्रंथालयाला जागा नाही, कोठे एकच शिक्षक तीन वर्गांना शिकवतो, कोठे पुनर्मूल्यांकनाचे निकाल उशिरा लागतात, हे मतांच्या निमित्ताने ऐकले. राखीव जागेमुळे दार उघडते, त्याचा संकोच बाळगू नये. आत जाऊन काय विचारायचे हे मात्र या फिरतीतून कळते.

आणखी एक नोंद. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातील महिला व्यवस्थापकांच्या क्षमतावृद्धीसाठी 'सॅम' कार्यशाळांची योजना राबवली होती. संवेदनशीलता, जाणीव आणि प्रेरणा हे तिचे सूत्र. अशा एका कार्यशाळेतून मला मिळालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे इतर जिल्ह्यांतील मैत्रिणी. आजही एखाद्या परिपत्रकाचा अर्थ लागला नाही तर मी त्यांच्यापैकी एकीला फोन करते.

सहयोगी प्राध्यापक, सोलापूर शहर

एक प्रश्न विचारते. आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात प्राचार्यपदाची जाहिरात येणार आहे. पीएच.डी. आहे, सेवा पुरेशी आहे, मुलगी बारावीला आहे. घरचे पाठीशी आहेत, पण सहकारी म्हणतात की आणखी दोन वर्षे थांबा. मी अर्ज करावा का?

निवृत्त प्राचार्या (वरील) यांचे उत्तर

मॅडम, अर्ज करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., किमान १५ वर्षांचा अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. नेमणूक पाच वर्षांसाठी असते आणि कामाच्या मूल्यमापनावर आणखी पाच वर्षे वाढू शकते. म्हणजे तुम्ही थांबलात आणि ती जागा भरली, तर पुढची संधी दोन वर्षांनी येत नाही, पाच किंवा दहा वर्षांनी येते. मुलीची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये संपेल.

संशोधन गुणांचा तक्ता आजच भरायला घ्या, कारण प्रत्येक निबंधाचा पुरावा जोडताना वेळ जातो. दरम्यान उपप्राचार्यपद मिळत असेल तर तेही घ्या. त्याच नियमांत ते दोन वर्षांसाठी आहे, आणि प्राचार्य अनुपस्थित असताना त्यांचे अधिकार उपप्राचार्यांकडे येतात. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचा शेवटचा नॅक अहवाल, मंजूर व रिक्त पदांची स्थिती आणि लेखापरीक्षणातील प्रलंबित आक्षेप एवढे वाचून जा. बिंदुनामावली समजून घ्यायची असेल तर शनिवारी दुपारी माझ्याकडे या, वही घेऊन या.