पळसाचं पाणी म्हणजे रंगद्रव्य नव्हे

पळसाची फुलं उकळून त्या पाण्याने चित्र काढलं, तर आठवड्यात बाटलीला बुरशी आली आणि कागदावर नुसता पिवळट डाग उरला, असा अनुभव एकाने लिहिलाय. होणारच. ते रंगपंचमीचं पाणी झालं, कापडाला चालेल. चित्राला पाण्यात न विरघळणारी पूड लागते.

ती करायला तुरटी आणि धुण्याचा सोडा पुरे. गाळलेल्या गरम अर्कात तुरटी विरघळवा आणि सोड्याचं पाणी चमचा-चमचा घाला. घाई करू नका, फसफसून उतू जातं. माझा ओटा दोन दिवस केशरी होता, आणि घरात त्यावर काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. तुरटीतलं अॅल्युमिनियम साक्यासारखं खाली बसतं आणि रंग सोबत ओढून नेतं. सोडा जास्त झाला तर छटा लालसर होते. हळदीचंही तसंच; कुंकू चुन्याने लाल होतं ते त्यामुळेच.

रात्रभर ठेवून वरचं पाणी ओता, गाळ दोन-तीनदा धुऊन सुती कापडातून गाळा. सावलीत वाळवलेली खपली खलात घोटून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. परातभर फुलांतून पूड मात्र चमचा-दोन चमचेच निघते.

उन्हाने हाही रंग उडतो, त्यामुळे चित्र खिडकीसमोर टांगू नका. आणि फुलं झाडाखालची वेचा, फांद्या ओरबाडू नका.