मदत हवी आहे : रॉ फाईली गेल्या, एडिट केलेला छोटा फोटो उरलाय, १२ बाय १८ ची प्रिंट निघेल का?

नमस्कार मंडळी,

२०१९ च्या वारीत दिवे घाटात काढलेला आत्याचा एक फोटो आहे. डोक्यावर तुळस, मागे वळणावर दिंड्यांची रांग आणि पावसाची नुसती भुरभुर. पुढची दोन वर्षं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि तोवर आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले, म्हणजे तिची पायी वारी ती शेवटचीच. आता तिची पंचाहत्तरी आलीय आणि आतेभाऊ म्हणतो हाच फोटो १२ बाय १८ इंची फ्रेम करून देऊ.

घोळ असा की रॉ फाईली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाईली, ज्या हार्डडिस्कवर होत्या ती लावली की टक-टक आवाज येतो आणि लॅपटॉपला दिसतच नाही. दुसरी कॉपी जुन्या लॅपटॉपवर होती, तो दुरुस्तीला दिला तर दुकानवाल्यानं न विचारता फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिलं, वर म्हणतो आता बघा कसा पळतो. मेमरी कार्ड तर त्यानंतर कितीदा भरलं आणि रिकामं झालं.

शिल्लक काय, तर फॅमिली ग्रुपवर टाकलेला १६०० बाय १०६७ चा जेपेग, आणि लाईटरूम क्लासिक या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग जो नव्या लॅपटॉपवर आहे. त्यात लायब्ररीत फोटो मस्त दिसतो पण एक्स्पोर्ट म्हटलं की फाईल सापडत नाही म्हणून हात वर करतो.

एक एआयवालं ॲप वापरून व्हॉट्सॅपचा फोटो मोठा करून पाहिला. लांबून झकास वाटलं, जवळून बघतो तर आत्याच्या कपाळावरचं गोंदण गायब, बुक्क्याचा टिळा म्हणजे काळा डाग, आणि दात अगदी सरळ, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे! बाई कोण म्हणून विचारावं लागेल. मूळ फोटो तसा फिकाच होता हो, आभाळ राखाडी आणि तुळशीच्या सावलीत चेहरा अंधारलेला, मी ब्रशनं तेवढा चेहरा उजळला होता आणि लुगड्याचा हिरवा जरा दाबला होता. ते एडिटच मला हवंय, नव्यानं तसं जमेल असं वाटत नाही.

तर कॅटलॉगमधून काही काढता येतं का? आणि डिस्क रिकव्हरीला द्यावी का, एका ठिकाणचं कोटेशन ऐकून गप्प बसलोय.

---

कॅमेरेवाला : पहिलं काम, लाईटरूम बंद करा आणि कॅटलॉगचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मग पुढचं बोलू. कॅटलॉगमध्ये फोटो नसतो, काय काय एडिट केलं त्याची फक्त नोंद असते. पण त्याच्या शेजारी 'प्रिव्ह्यूज डॉट एलआरडेटा' नावाचं काहीतरी दिसेल, त्यात तुमचं एडिट लागलेले जेपेग असतात, लायब्ररीत दिसतंय ते तेच. ॲडोबीच्या मदतीच्या पानांवर ते बाहेर काढायची एक स्क्रिप्ट फुकट मिळते, 'एक्स्ट्रॅक्ट प्रिव्ह्यूज' शोधा.

स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे रॉ नसतानाही एडिट करता येतात अशा छोट्या कॉप्या, असते तर लांब बाजू २५६० पिक्सेलपर्यंत मिळाली असती आणि एडिट परत हलवताही आलं असतं, पण एक्स्पोर्ट होत नाही म्हणजे ते बनवलेले नाहीत. त्या काळी १०० टक्के झूम करून बघितलं असेल तर फुल साईजचा प्रिव्ह्यूही बनला असणार, फक्त तो ३० दिवसांनी उडवायची सेटिंग आधीपासूनच चालू असते. कॉपी करा म्हटलं ते त्यासाठीच, चुकून राहिला असेल तर जायला नको.

घाटमाथा : टक-टकवाली डिस्क परत परत लावून बघू नका, आतलं वाचणारं हेड फिरत्या तबकडीला घासत असेल तर जे आहे तेही खरवडून निघेल. कोणीतरी येऊन सांगेलच की फ्रीजमध्ये ठेवा, तिथे श्रीखंड ठेवा. मेमरी कार्डावर फोटोरेक, म्हणजे पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर, चालवायला हरकत नाही, फुकट आहे, पण त्यावर एवढं परत लिहिलं गेलंय तर २०१९ चं सापडायची आशा फार नको.

या फोटोची प्रिंट कधी काढली होती का? असेल तर ती व्हॉट्सॅपच्या फोटोपेक्षा भारी.

धागाकर्ता : स्क्रिप्ट चालली!! २०४८ पिक्सेलचा निघाला, फुल साईजचा नाही. पण गोंदण दिसतंय, टिळा दिसतोय, लुगडं तसंच. आणि हो, प्रिंट आहे, ८ बाय १२ ची, वाईला आत्याच्याच हॉलमध्ये भिंतीवर. ती उतरवली तर सरप्राईजचं काय?

घाटमाथा : आतेभावाला सांगा, काच पुसायला काढतो म्हणावं. लॅबनं ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) काढली असेल तर त्यात ३६०० बाय २४०० पिक्सेलपर्यंत माल असू शकतो. पण एक गोची, ए-फोर स्कॅनरची काच २९७ मिलिमीटर आणि १२ इंच म्हणजे ३०५, थोडक्यात बसत नाही. दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावं लागेल, ६०० डीपीआय ठेवा. आणि पेपर दाणेदार असेल तर प्रत्येक दाणा स्कॅनमध्ये चमकतो, मग नका त्या भानगडीत पडू. काचेला चिकटला असेल तर ओढू नका.

धागाकर्ता : भावानं मोबाईलवर जवळून काढून पाठवला. दाणेदार आहे, वर उन्हानं हिरवा पार पिवळा पडलाय.

कॅमेरेवाला : मग प्रिव्ह्यूवालाच घ्या. २०४८ भागिले १८ म्हणजे साधारण ११४ पिक्सेल इंचाला, हातात धरून बघायला कमी, पण भिंतीवर चार-पाच फुटांवरून चालून जाईल. फोटोशॉपमध्ये साध्या रिसॅम्पलिंगनं (पिक्सेल वाढवून) दुप्पट करा, चेहरा बनवणारं एआय नको. हवं तर १० बाय १५ करून भोवती रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, फ्रेम तेवढीच दिसते आणि फोटो कमी ताणला जातो. पेपर मॅट. आणि आधी नुसत्या चेहऱ्याचा तुकडा मोठ्या प्रिंटमध्ये येईल त्याच मापात ४ बाय ६ वर काढून बघा, लॅबवाले दहा-वीस रुपयांत देतात.

धागाकर्ता : माउंटवालं आवडलं, भावाला विचारतो. उद्या चेहऱ्याची प्रिंट काढून आणतो.