मदत हवी आहे: शॉकअप काढताना लिंक रॉडचा नट अडलाय

गाडी 2013 ची स्विफ्ट, पेट्रोल. डावा पुढचा शॉकअप तेलाने ओला झालाय, पाथर्डी फाट्याकडे स्पीडब्रेकर आला की खाडकन आवाज. पुढचे दोन्ही घरीच बदलायला घेतलेत. गाडी घोडीवर आहे, चाक काढलंय, नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन्ही बोल्ट सैल झालेत. पण लिंक रॉडचा (शॉकअपला अँटी-रोल बारशी जोडणारी छोटी दांडी) नट फिरवला की आतला स्टडही (नट बसतो तो आट्यांचा खिळा) सोबत गरगर फिरतो. ॲलन कीने धरायला गेलो, तर स्टडच्या टोकाचं षटकोनी भोकच गोल झालं (घाई नडली). गंजाचा स्प्रे रात्रभर मुरवला, फरक शून्य. लिंक नवीन टाकायची तयारी आहे. स्प्रिंग दाबायचं काम मात्र अंबडच्या गॅरेजातूनच करून आणणार, आणि नंतर अलाइनमेंटही. ग्राइंडर आहे, पण ब्रेकचा पाइप अगदी बोटभर अंतरावर. मग नट कापू, की स्टड मागून व्हाइस ग्रिपने (लॉक होणारी पक्कड) धरता येतो?