मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कूलर लाइनची गळती

गाडी 2005 ची पेट्रोल सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाला (नेहमीचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, सीव्हीटी (बेल्ट-पुलीवाला) नाही. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणाऱ्या कूलर लाइनमधून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) गळतंय. सकाळी लादीवर बशीएवढा लाल डाग असतो. पाइप पुसून खाली पुठ्ठा ठेवून पाहिलं. स्टीलचा पाइप आणि रबर होज जिथे क्रिंप केलेत (धातूच्या कड्याने दाबून जोडलेत), थेंब नेमका तिथेच धरतो. गिअरबॉक्सची सीलं कोरडी आहेत, कूलंटमध्ये तेल उतरलेलं नाही.

क्रिंपवर क्लिप आवळून पाहिली, दोन दिवस टिकली. नवीन लाइन मिळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी सापडली, तीही त्याच जागी गंजलेली. मेकॅनिक म्हणतो, क्रिंप कापून पेट्रोलचा होज घालू. मला ते अजिबात पटत नाही; तापलेल्या एटीएफमध्ये तो होज टिकला नाही आणि निसटला, तर काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडेल. म्हणून गाडी सध्या उभीच आहे. सोसायटीत काम करू देत नाहीत, त्यामुळे लाइन काढून न्यावी लागेल.

मुंबई-ठाण्यात हायड्रॉलिक होजवाले जुन्याच स्टील पाइपवर एटीएफला चालणारा होज नव्याने क्रिंप करून देतात का? की पाइपच्या टोकाला फ्लेअर काढून (टोक थोडं फुलवून) होज आणि क्लिपा लावलेल्या बऱ्या? कुणी करून घेतलं असेल, तर ते किती टिकलं?